विंडोज १० चा सपोर्ट संपला, आता संस्थेच्या संगणकांचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतसंस्था, शाळा, ट्रस्ट, सीएंची कार्यालयं, लहान कारखाने. जिथे पाच-पंचवीस संगणक आहेत पण ते सांभाळायला वेगळा माणूस नाही, अशा ठिकाणचे सचिव, व्यवस्थापक आणि मुख्याध्यापक आम्हाला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: नवे संगणक घेणं हा या कामाचा सोपा भाग आहे. अडचण येते ती जुन्या संगणकांना लटकलेल्या गोष्टींची, म्हणजे जुनी पॅकेजेस, प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन आणि फाँट. त्यामुळे कोटेशन मागवण्याआधी हे पान वाचा.

नेमकं काय संपलं?

२९ जुलै २०१५ ला आलेल्या विंडोज १० ला दर महिन्याला फुकट मिळणारे सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवले. होम आणि प्रो या दोन्ही आवृत्त्यांना ही तारीख लागू आहे. संगणक बंद पडणार नाही, लायसन्सही रद्द झालेलं नाही. उद्या सकाळी बटण दाबलं की तो नेहमीसारखाच सुरू होईल, आणि म्हणूनच हा विषय सभेत दर वेळी पुढे ढकलला जातो.

त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ चाही सपोर्ट संपला, हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. अनेक कार्यालयांत एकाच संगणकावर दोन्ही मुदतबाह्य आहेत. विंडोजचं काम हाती घेताना ऑफिसची आवृत्तीही बघून घ्या.

सगळं व्यवस्थित चालू आहे, मग घाई कशाची?

विंडोज १० आणि ११ यांचा पाया बराचसा एकच आहे. ११ मधलं एखादं छिद्र बुजवलं की तो अपडेट उलगडून हल्लेखोर बघतात, नेमकं काय दुरुस्त केलं. तेच छिद्र १० मध्ये असेल तर ते तिथे उघडंच राहतं. म्हणजे दर महिन्याचा अपडेट हा सपोर्ट संपलेल्या संगणकांसाठी उलटा कामाला लागतो.

२०१७ चं उदाहरण अजून ताजंच म्हणायचं. विंडोजमधल्या एका दोषावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिला होता. १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच दोषातून जगभर पसरला. २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला आणि थेट आपल्या न्हावा-शेव्यापर्यंत पोहोचला. जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. वॉनाक्रायच्या तडाख्यात सापडलेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते, म्हणजे त्यांच्यासाठी उपाय उपलब्ध होता, तो कुणी टाकलाच नव्हता. तेव्हा विंडोज ११ आणून त्याचे अपडेट बंद करून ठेवणार असाल, तर हा सगळा खर्च वाया आहे.

कायद्याची बाजूही आहे. तुमच्याकडे सभासदांचे, पालकांचे, रुग्णांचे तपशील असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शिवाय सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवायचं, हा एप्रिल २०२२ चा आदेश आहेच. इतका मोठा दंड गावातल्या पतसंस्थेला होईल असं आम्ही म्हणत नाही. पण काही घडलंच, तर चौकशीतला पहिला प्रश्न ‘यंत्रणा अद्ययावत होती का’ हाच असतो.

चांगला अँटिव्हायरस घेतला तर भागेल का?

नाही. अँटिव्हायरस येणाऱ्याला ओळखतो, भिंतीतलं भगदाड बुजवत नाही. विंडोज १० वरच्या डिफेंडर या मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसला व्हायरसच्या ओळखयाद्यांचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत, पण त्यावरून सपोर्ट वाढला असा अर्थ काढू नका.

आमचे कोणते संगणक विंडोज ११ ला चालतील?

प्रोसेसरच्या नावातला आकडा बघा. इंटेल कोअर आय५-८४०० असेल तर पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी. १०४०० असेल तर दहावी. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे आणि एएमडीमध्ये रायझन २००० मालिकेपासून पुढचे बहुतेक प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहेत. सातवी पिढी एखाददुसरा अपवाद सोडला तर बाहेर. २०१८ च्या आधी घेतलेल्या संगणकाबद्दल फार आशा ठेवू नका.

दुसरी अट टीपीएम २.० ची, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपून ठेवणाऱ्या सोयीची, आणि इथे बरेच चांगले संगणक उगाच बाद ठरवले जातात. ही सोय प्रोसेसरमध्ये असते पण बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलमध्ये ती पीटीटी या नावाने, एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने सापडते. ‘तुमचा संगणक अपात्र’ असा संदेश दिसला म्हणून लगेच नवा घेऊ नका, आधी बायोस उघडून बघा.

तिसरी अट यूईएफआय आणि सिक्युअर बूट, म्हणजे संगणक सुरू होण्याची नवी, सुरक्षित पद्धत. संगणक जुन्या (लेगसी) पद्धतीने बसवलेला असेल तर डिस्कची मांडणी एमबीआरवरून जीपीटीवर न्यावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच साधन आहे आणि डेटा न पुसता ते काम होतं. मात्र क्रम चुकवू नका: आधी बॅकअप, मग डिस्कचं रूपांतर आणि शेवटी बायोसमधला बदल. बायोस आधी बदललात तर संगणक सुरूच होणार नाही. डिस्कवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं साधन) चालू असेल तर या सगळ्याआधी तो तात्पुरता थांबवा.

हे एकेका संगणकावर हाताने बघायचं नसेल, तर मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवा. ते फुकट आहे.

आमचा इंजिनिअर म्हणतो, अट पूर्ण नसली तरी ११ टाकून देतो. टाकू द्यावं का?

टाकता येतं, हे खरं आहे. घरच्या संगणकावर हौस म्हणून कुणी केलं तर आमची हरकत नाही. संस्थेत नको. अशा संगणकांना अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, दर वर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही आणि ती दर वेळी पुन्हा जुगाड करून टाकावी लागते. तो इंजिनिअर दोन वर्षांनी फोन उचलेल का, हा प्रश्न स्वतःलाच विचारा.

सुरुवात कुठून करायची?

एका वहीपासून. एक्सेलमध्ये केली तरी चालेल. प्रत्येक संगणकासाठी एक ओळ: कुठे ठेवला आहे, कोण वापरतं, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क की एसएसडी, विंडोज ३२-बिट की ६४-बिट. इथपर्यंत सगळे लिहितात. पुढचे रकाने महत्त्वाचे: या संगणकावर असं कोणतं काम होतं जे दुसऱ्या कुठल्याच संगणकावर होत नाही? त्याला कोणकोणती यंत्रं जोडली आहेत? त्यावरच्या सॉफ्टवेअरची सीडी, लायसन्स की, विक्रेत्याचा चालू फोन नंबर आपल्याकडे आहे का?

ही माहिती टेबलावर बसणाऱ्या माणसालाच विचारायची, व्यवस्थापकाला नाही. व्यवस्थापक सांगतात, ‘काही विशेष नाही, टॅली आणि वर्ड.’ मग शेजारची ताई सांगते की लाभांशाची यादी फक्त याच संगणकावरून निघते, वर्षातून एकदा, आणि ती कशी निघते हे निवृत्त झालेल्या काकांनाच माहीत होतं.

वही पूर्ण झाली की संगणक चार गटांत पडतात: आहे तसा ११ वर जाणारा, रॅम आणि एसएसडी घालून जाणारा, बदलावाच लागणारा, आणि कुठल्यातरी जुन्या गोष्टीमुळे अडकलेला. चौथ्या गटावर सगळ्यात आधी काम सुरू करा, कारण तिथे विक्रेत्याच्या मागे लागण्यात महिने जातात.

एकदम सगळे बदलायचे नसतात. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या एटीएमबद्दल बँकांना परिपत्रक काढलं, ते बघण्यासारखं आहे. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, म्हणजे चार वर्षं उशीर झालेलाच. तरीही आदेश टप्प्यांचा होता: सप्टेंबरअखेर २५ टक्के, डिसेंबरअखेर ५० टक्के, मार्च २०१९ ला ७५ टक्के आणि जून २०१९ ला सगळी. बायोसला पासवर्ड, यूएसबी बंद असे तातडीचे उपाय मात्र ऑगस्ट २०१८ पर्यंतच करायचे होते. बदलायला वेळ घ्या, कुंपण लगेच घाला, हा क्रम लहान संस्थेलाही तसाच लागू पडतो.

आमचं जुनं पॅकेज डॉसवर चालतं. ते ११ वर चालेल का?

थेट चालणार नाही. फॉक्सप्रोच्या काळातली, काळ्या पडद्यावरची १६-बिट पॅकेजेस फक्त ३२-बिट विंडोजवर चालतात, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. पुष्कळ पतसंस्थांत चांगल्या संगणकावरही मुद्दाम ३२-बिट विंडोज १० ठेवलेलं दिसतं, ते याच कारणाने. व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये केलेली ३२-बिट पॅकेजेस मात्र बहुधा ११ वर चालतात. एका संगणकावर चाचणी घेऊन बघा.

डॉसच्या पॅकेजसाठी दोन वाटा आहेत. रोजच्या व्यवहाराचं असेल तर आता नव्या प्रणालीवर जाच. फक्त जुन्या खात्यांचे उतारे बघण्यापुरतं उरलं असेल, तर नव्या संगणकावर डॉसबॉक्ससारख्या साधनात किंवा नेटवर्क तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) ते ठेवता येतं. पडदा दिसला म्हणून खूश होऊ नका, एक उतारा छापून बघा. छपाईतच घोडं अडतं.

अशा पॅकेजचा डेटा असलेल्या डीबीएफ फायली लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडतात, रकमा आणि तारखा नीट दिसतात. पण सभासदांची मराठी नावं जुन्या संकेतांत साठवलेली असतील तर तिथे अगम्य चिन्हांची रांग दिसते. डेटा नव्या प्रणालीत नेण्याचं कंत्राट देताना नावांचं युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात) रूपांतर कोण करणार, आणि ते तपासणार कोण, हे लिहून घ्या. आम्ही बघितलेले बहुतेक वाद याच मुद्द्यावरचे होते.

पासबुक प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, अंगठ्याचं यंत्र यांचं काय?

पासबुक प्रिंटर एप्सन पीएलक्यू-२० असेल तर त्याला यूएसबी आहे, तो नव्या संगणकाला जोडता येतो. पॅरलल पोर्टवरच चालणाऱ्या जुन्या डॉट मॅट्रिक्ससाठी पोर्टचं कार्ड घालावं लागतं. नव्या मदरबोर्डवर तो पोर्ट सहसा नसतो. जोडणं जमलं तरी काम संपत नाही. जुन्या संगणकावर कुणीतरी कधीतरी कागदाची लांबी, वरची जागा, ओळींचं अंतर हाताने बसवलेलं असतं. नवा ड्रायव्हर टाकला की सगळं मूळ पदावर येतं, नोंद एक ओळ खाली सरकते आणि शिल्लक रकमेचा शेवटचा आकडा पासबुकच्या घडीत जातो. म्हणून जुना संगणक बंद करण्याआधी प्रिंटरच्या सगळ्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा आणि एक भरलेलं पासबुक पान नमुन्याला ठेवा.

टोकनचा ड्रायव्हर आणि आधारच्या ठशांच्या यंत्राची आरडी सर्व्हिस (ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) त्या-त्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्या. पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षं फिरणारी प्रत नको.

मराठी फाँट बिघडतील का?

विंडोज फॉरमॅट करून नव्याने टाकलं तर हमखास कुठेतरी बिघडतील. दोन वेगवेगळ्या तक्रारी येतात.

पहिली: ‘मंगलमध्ये केलेली पत्रं वेगळीच दिसतात, पानं वाढली.’ मंगल, कोकिळा, अपराजिता हे फाँट विंडोज १० पासून मूळ संचात नाहीत, देवनागरीच्या पूरक संचात आहेत. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन देवनागरीचा संच घेतला की काम होतं. इंटरनेट हवं, एवढंच.

दुसरी जास्त गंभीर. श्री-लिपी, आकृती, आयएसएम किंवा कृतीदेव वापरून केलेल्या जुन्या फायलींतली अक्षरं खरी देवनागरी नसतातच. फाँट नसेल तर तिथे इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उरतो. संगणक पुसण्याआधी त्यावरचा संपूर्ण फाँट फोल्डर बाजूला काढून ठेवा. ज्या पॅकेजला डाँगल (संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली) लागतो त्याचा ड्रायव्हर ११ साठी मिळतो का, तेही विक्रेत्याला विचारा. आमचं मत विचाराल तर नवी पत्रं, नवे ठराव युनिकोडमध्येच करा. टंकलेखकांचा हात इनस्क्रिप्टवर बसला नसेल तर विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे.

पैसे भरून विंडोज १० चे अपडेट मिळतात म्हणे?

मिळतात. संस्थांसाठी दर असा: पहिल्या वर्षी एका संगणकाला ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर, आणि त्यानंतर बंद. दुसऱ्या वर्षी सामील व्हायचं म्हटलं तर पहिल्या वर्षाचेही पैसे द्यावे लागतात. संगणकावर २२एच२ ही आवृत्ती हवी. एवढ्या पैशांत फक्त महत्त्वाचे सुरक्षा अपडेट मिळतात.

४२७ डॉलर घालून तीन वर्षांनी हाती जुनाच संगणक राहतो, त्यामुळे सरसकट सगळ्यांसाठी हे घेणं आम्हाला पटत नाही. चौथ्या गटातल्या अडकलेल्या संगणकांसाठी एक वर्ष विकत घेणं मात्र शहाणपणाचं आहे. शाळा-महाविद्यालयांचं गणित निराळं. शैक्षणिक लायसन्सवर हाच दर १, २ आणि ४ डॉलर आहे. शाळेने हे घ्यावंच.

घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एक वेगळी, ३० डॉलरची किंवा काही अटींवर फुकट योजना आहे. ती व्यक्तींसाठी आहे आणि डोमेनला (संस्थेच्या सामाईक लॉगिन व्यवस्थेला) जोडलेल्या संगणकांवर चालत नाही. संस्थेची मालमत्ता असलेल्या संगणकावर तिचा आधार घेऊ नका.

नवे घ्यावेत की रिफर्बिश्ड?

रिफर्बिश्ड घ्यायला हरकत नाही, पण बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे चौथ्या-सहाव्या पिढीचे आय५ ‘विंडोज ११ सह’ म्हणून विकले जातात. त्यात वर सांगितलेला जुगाड केलेला असतो. नुसतं ‘आय५’ या शब्दाला काही किंमत नाही.

विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅमची असली तरी त्यावर काम करणं शिक्षा आहे. ८ जीबी आणि एसएसडी धरूनच चाला. आठव्या पिढीचा संगणक हार्ड डिस्कमुळे रडत असेल तर एसएसडी घातल्यावर तोच पुढे बरीच वर्षं चालतो. विंडोज प्रो घ्या, होम नको. डोमेन, बिटलॉकरचं पूर्ण नियंत्रण आणि रिमोट डेस्कटॉप या गोष्टी प्रोमध्ये आहेत.

लिनक्सवर गेलो तर?

संगणकावर काय चालतं त्यावर ठरेल. केरळमध्ये काइट ही सरकारी संस्था सरकारी शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली देते आणि तिथली मुलं त्यावरच शिकतात, तेव्हा शाळेच्या लॅबमध्ये हे जमत नाही असं म्हणता येणार नाही. वाचनालय, लॅब, फक्त ब्राउझरमध्ये काम असणारा काउंटर, इथे जुन्या संगणकांना लिनक्स उत्तम. टॅली, सहीचं टोकन, पासबुक प्रिंटर असलेल्या टेबलावर नको.

आहे त्यावरच अपग्रेड करायचं की फॉरमॅट?

संगणक नीट चालत असेल तर वरच्या वर अपग्रेड करा. विंडोज १० चं लायसन्स असेल तर ११ फुकट आहे, फायली आणि सॉफ्टवेअर जागेवर राहतात, आणि नाही जमलं तर १० दिवसांच्या आत मागे फिरता येतं. या दहा दिवसांत त्या टेबलावरची सगळी कामं, महिनाअखेरची यादीसुद्धा, एकदा करून बघा.

बॅकअप दोन्ही बाबतीत घ्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडून बघितलेला बॅकअप आम्ही धरत नाही. डेस्कटॉपवरच्या फायली, ब्राउझरमधले पासवर्ड, आउटलुकमधल्या ईमेलची पीएसटी फाइल या हमखास विसरतात.

नव्याने विंडोज टाकताना ते मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. तिथे कारकुनाचा वैयक्तिक ईमेल घालू नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून अशा संगणकांची डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होते आणि ती उघडण्याची ४८ आकडी किल्ली त्या खात्यात जाते. कर्मचारी सोडून गेला, बायोस अपडेटनंतर संगणकाने किल्ली मागितली, की सगळा डेटा कुलपात. खातं संस्थेच्या नावाचं ठेवा आणि किल्ली छापून तिजोरीत.

हे काम कधी काढावं?

पतसंस्थांनी मार्चअखेर आणि लेखापरीक्षण टाळावं, शाळांनी बोर्डाचे अर्ज भरण्याचे दिवस. बाकी कधीही, पण शनिवारी दुपारी सुरू करून सोमवारी सकाळी काउंटर उघडायचा बेत आखू नका.

एखादा संगणक बदलताच येत नसेल तर?

कारखान्यात सीएनसी यंत्राला जोडलेला, प्रयोगशाळेत तपासणी यंत्राला जोडलेला संगणक असा असतो. यंत्र बनवणाऱ्याला आधी विचारा, त्यावरचं विंडोज दीर्घ सपोर्टच्या, एलटीएससी प्रकारचं असू शकतं आणि त्याची मुदत वेगळी असते. तसं नसेल तर त्याचं इंटरनेट तोडा, त्यावर ईमेल आणि ब्राउझर वापरू नका, कार्यालयाच्या नेटवर्कपासून तो वेगळा करा, आणि फायली नेण्यासाठी एकच ठरलेला, तपासलेला पेन ड्राइव्ह ठेवा.

जुन्या संगणकांचं काय करायचं?

फॉरमॅट केलेल्या हार्ड डिस्कवरून डेटा परत काढता येतो, तेव्हा नुसतं फॉरमॅट करून भंगारवाल्याला देऊ नका. पुसण्याच्या साधनाने पूर्ण पुसा किंवा डिस्क काढून फोडा, आणि कोणत्या क्रमांकाची डिस्क कधी नष्ट केली याची ठरावाला जोडून नोंद ठेवा. बाकीचा सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर करणाऱ्याकडे द्या आणि पावती घ्या. १ एप्रिल २०२३ पासूनच्या ई-कचरा नियमांत किमान १००० विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणं वापरणारे ‘बल्क कन्झ्युमर’ धरले आहेत. तुम्ही त्यात बसत नसलात तरी पावती डेड स्टॉक रजिस्टरला लागतेच. एखाद्या शाळेला देणगी द्यायची असेल तर त्यावर लिनक्स टाकून द्या, सपोर्ट संपलेलं विंडोज भेट देऊ नका.

पुढच्या कोणत्या तारखा लक्षात ठेवायच्या?

डेटा साठवणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर २०१६ चा सपोर्ट १४ जुलै २०२६ ला संपतो. बऱ्याच बँकिंग पॅकेजेसच्या मागे तो असतो, विक्रेत्याला आत्ताच विचारा. ऑफिस २०२१ आणि विंडोज ११ होम व प्रोची २४एच२ आवृत्ती, दोन्ही १३ ऑक्टोबर २०२६ ला. विंडोज सर्व्हर २०१६ हा १२ जानेवारी २०२७ ला. विंडोज ११ ची होम आणि प्रोची प्रत्येक आवृत्ती २४ महिनेच चालते, त्यामुळे वहीत आवृत्तीचा एक रकाना वाढवा आणि दर एप्रिलमध्ये, नवं रजिस्टर सुरू करताना, तो कुणी भरायचा त्याचं नाव ठरवून टाका.